बिडाचा तवा आणि मक्याची भाकरी



२००३ साली नाशिकमधल्या एका ओतशाळेतील कामगारावर चोरीचे आरोपपत्र ठेवण्यात आले. चोरीचा माल काय, तर एक तवा. वजन दोन किलोंच्या आतबाहेर, धरावयास एका बाजूला कान. रात्रपाळी संपताना लॅडलच्या तळाशी जो थोडा रस उरतो तो खड्ड्यात ओतून ठेवतात आणि पुढच्या खेपेस पुन्हा वितळवतात. ह्या गृहस्थाने तो खड्ड्यात न ओतता, वाळूत एक जुना तवा दाबून साचा केला व त्यात ओतला. दरवाज्यावर पिशवी तपासली तेव्हा डब्याखाली तवा सापडला. कामगार निलंबित झाला आणि त्याची बाजू मांडण्याचे काम संघटनेच्या वतीने माझ्याकडे आले.

चौकशी अधिकाऱ्यांनी त्याला विचारले, "बाजारात तवे मिळत नाहीत काय?" तो म्हणाला, "मिळतात साहेब. पण पातळ तव्यावर मक्याची भाकर वरून करपते, आतून कच्ची राहते." कारकुनाने हे उत्तर लिहून घेतले. टेबलाभोवतीची मंडळी हसली. खोटे कशाला सांगू, मीही हसलो. माणूस सातपुड्यातला, धडगावकडचा पावरा. त्याला नाशिकात येऊन दहा वर्षे झाली होती, पण त्याच्या घरची भाकरी बदलली नव्हती. पुढे रात्री कागद वाचताना मला वाटले, ह्या सगळ्या प्रकरणात खरोखर जाणकारीचे असे हे एकच वाक्य आहे, आणि ते आपल्याला नीट समजलेले नाही. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. ते वाक्य समजून घेण्यासाठी तिथे जे वाचत गेलो, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम तव्याकडे पाहू. आपले नाशिक भांड्यांचे गाव खरे, पण ते तांब्यापितळेच्या भांड्यांचे. भांडीबाजारातले घंगाळ आणि समई जगाला दिसतात. भाकरीचा तवा तिथल्या मानाच्या फळीवर कधी बसला नाही. तो गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांकडून यावयाचा. घिसाडी भात्यापाशी बसून लोखंड सांडशीत धरणार आणि त्याची बायको उभी राहून घण मारणार, हे दृश्य माझ्या वयाच्या माणसांनी पाहिलेले आहे. हा तवा घडीव लोखंडाचा. बिडाचा तवा निराळा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात शेकडा तीन-चार भाग कार्बन मुरलेला असतो, त्यामुळे ते शुद्ध लोखंडाच्या मानाने पुष्कळ कमी उष्णतेवर पातळ होते व साच्यात भरता येते. पण घण मारला तर तडकते. म्हणून जे बीड लोहाराच्या ऐरणीवर निकामी ठरते, ते ओतणाऱ्याच्या हाती सोन्यासारखे. चिनी लोकांना ही विद्या इसवी सनापूर्वीच साधली होती. इंग्लंडात अब्राहम डार्बी ह्याने १७०७ साली वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचे पेटंट घेतले, आणि गोरगरिबांच्या चुलीवर स्वस्त लोखंडी भांडे आले. यंत्रयुगाचा इतिहास सांगताना लोक वाफेच्या इंजिनापासून सुरुवात करतात. डार्बीची सुरुवात मात्र पातेल्यापासून आहे.

आपल्याकडे बीड घरात शिरले ते उशिरा. जमशेदपूरच्या टाटांच्या भट्टीतून लोखंड बाहेर पडले ते १९११ साली. त्याआधी १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तर शेतकरी तो घेईनात; लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी समजूत होती. मला ह्या गोष्टीची नेहमी गंमत वाटते. ज्या माणसाच्या घरात रोज लोखंडावर भाकरी भाजली जात होती, त्याला शेतात मात्र लोखंडाची भीती वाटली! पण विचार केला म्हणजे त्यात हसण्यासारखे फारसे नाही. तव्याची पारख बाईला होती, नांगराची गड्याला, आणि दोघांनी एकमेकांना विचारले नव्हते.

बिडाचा गुण हा की तो सावकाश तापतो आणि तापल्यावर उष्णता धरून ठेवतो. गार थापलेली भाकरी पडली तरी त्याचा ताव एकदम उतरत नाही. नवा तवा खरखरीत असतो. घासून, तेलाचा हात फिरवून, पुन्हा पुन्हा तापवला म्हणजे त्यावर काळी, गुळगुळीत साय धरते. मग त्याला काही चिकटत नाही. निष्काळजीपणे ओला ठेवला की गंजतो. त्याची राखण करावी लागते.

आता मका. मक्याचे माहेर मेक्सिको. तिथल्या एका रानगवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी हे पीक घडवले, असे वनस्पतिशास्त्रज्ञांचे आजचे मत आहे. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, आणि पुढच्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर मिरची, तंबाखू यांच्या पंगतीत मकाही आपल्या किनाऱ्याला लागला. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी जुन्या कागदांतून मक्याचा माग काढण्याचे कष्ट घेतले आहेत. ज्यांना राजांच्या लढाया वाचून कंटाळा आला असेल त्यांनी गोड्यांचे लेख अवश्य वाचावेत. मक्याच्या नावाची कथा मोठी मजेची आहे. आपण त्याला मका म्हणतो, कारण तो मक्केहून आला असे कोणाला तरी वाटले, असे सांगतात. इटलीत त्याचे नाव तुर्की धान्य. इंग्रजांनी त्याला इंडियन म्हटले. प्रत्येकाने तो दुसऱ्याच्या गावचा ठरवला. पोट भरणाऱ्याला गाव नसते, हा अनुभव आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या माणसांना नवा नाही.

आणि हा परका पाहुणा भाकरी करणारीला छळतो. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो, म्हणून पोळी लाटता येते, ताणता येते. ज्वारी, बाजरी, नागली, मका यांत तो नाही. म्हणून पिठात कढत पाणी घालावयाचे. त्याने पिठातले सत्त्व फुगते आणि तात्पुरता चिकटा येतो. मग तळहाताच्या मुळाने रगडून मळायचे, परातीत थापायचे, तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायचे, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला लावून पापुद्रा सोडवायचा. मक्याचे पीठ सगळ्यांत हट्टी. पाणी जरा कोमट झाले की कडा चिरतात. भाकरी जाड ठेवावी लागते, आणि जाड भाकरी आतपर्यंत भाजायची तर खालचा ताव एकसारखा हवा. पातळ पत्रा जिथे ज्वाळा लागते तिथे लाल होतो आणि बाजूला गार राहतो. म्हणजे आमच्या आरोपीने चौकशीत जे सांगितले ते धातुशास्त्राचे वाक्य होते. ते त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याच्या बायकोने रोजच्या रोज पडताळून पाहिले होते.

हेच वाक्य पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूलाही बायकांना सापडले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मक्याचा पाव बिडाच्या जाड, दांड्याच्या, पसरट कढईत भाजतात. मक्याचे भरड पीठ ताकात भिजवायचे, त्यात सोडा व अंडे घालायचे. कढई आधी चरबी घालून चांगली तापवायची, आणि मग ते पीठ एकदम ओतायचे. चर्र आवाज झाला पाहिजे. त्याने तळाला खरपूस कड धरते, आणि वरून उष्णता मिळून पाव फुगतो. आपल्याकडे भानोळे करताना खालीवर निखारे ठेवतात, तोच न्याय. पूर्वी त्या कढईला तीन पाय असत आणि ती निखाऱ्यांवर उभी राही. लोखंडी शेगड्या आल्या तसे पाय गेले. टेनेसी राज्यात साउथ पिट्सबर्ग नावाचे गाव आहे. तिथे १८९६ पासून अशा कढया ओतण्याचा कारखाना आहे, आणि १९९७ पासून दर वसंतात तिथे मक्याच्या पावाचा उत्सव भरतो. ते वसंतात पाव भाजतात, आपण वसंतात व्याख्याने भाजतो, असो.

उत्सवाच्या मागचा इतिहास मात्र गोड नाही. हा पाव गुलामांचा पाव होता. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीतून पळालेला पुरुष. त्याने १८४५ साली छापलेल्या आत्मकथेत शिधा लिहून ठेवला आहे: महिन्याला आठ पौंड डुकराचे मांस किंवा तेवढेच मासे, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. लहान मुलांसाठी मक्याची पेज लाकडी डोणीत ओतून जमिनीवर ठेवीत आणि मुले डुकरांसारखी भोवती जमून, शिंपल्यांनी नाहीतर हातांनी खात. त्याच पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. बाल्टिमोरमध्ये असताना हा मुलगा घरातून पाव घेऊन बाहेर पडे आणि रस्त्यावरच्या उपाशी गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिके. पुस्तकांपायी वडापाव सोडलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून काय वाटले असेल ते सांगत बसत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली, हे आपण सर्व जाणतो. पण गुलामी गेली तरी शिधा फारसा बदलला नाही. मुक्त झालेला काळा कूळवाडी आणि सुताच्या गिरणीत आलेला गोरा मजूर, दोघांच्या ताटात तेच तीन पदार्थ राहिले: मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी.

ह्या ताटातून एक रोग निघाला. त्याचे नाव पेलाग्रा. उन्हात उघडी राहणारी कातडी सोलते, जुलाब लागतात, शेवटी डोके फिरते आणि माणूस मरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत त्याची साथ पसरली. कोणी म्हणे जंतू, कोणी म्हणे सडका मका, कोणी म्हणे ह्या लोकांचे रक्तच वाईट. १९१४ मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर ह्यांना तपासास पाठवले. त्यांनी पाहिले की अनाथालयात मुलांना रोग होतो, पण तिथल्या नोकरांना होत नाही. जंतू काही हुद्दा पाहून चावत नाही. मुलांना दूध, अंडी, मांस, शेंगा देताच रोग नाहीसा झाला. तरी लोक ऐकेनात, तेव्हा १९१६ मध्ये त्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्याच वर्षी त्यांनी सिडेनस्ट्रिकर ह्या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन दक्षिण कॅरोलिनातल्या सात गिरणीगावांत घरोघर हिशेब मांडला: कुटुंबाची मिळकत किती, माणसे किती, काय खाल्ले, कोणाला रोग झाला. मिळकत जसजशी खाली, तसतसा रोग वर. डॉक्टरने औषधाची बाटली शोधावयास निघावे आणि पगारपत्रकापाशी येऊन पोचावे, असे वैद्यकाच्या इतिहासात फार वेळा घडलेले नाही. १९३७ मध्ये एल्व्हेयेम ह्यांनी दाखवले की उणीव नियासिन ह्या जीवनसत्त्वाची होती.

येथे मक्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेक्सिकोचे लोक हजारो वर्षे मका खात आले, पण त्यांना हा रोग झाला नाही. ते दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटतात आणि पूर्वी मातीच्या, आपल्या खापरासारख्या तव्यावर रोटी भाजीत. चुन्याने दाण्यातले बांधलेले नियासिन सुटे होते. शिवाय बरोबर घेवडा असतो. युरोपने दाणा उचलला, पण त्या दाण्याबरोबरची बाईची विद्या तिथेच ठेवून आला. आणि हा प्रश्न केवळ अमेरिकेचाही नव्हे. १९६० च्या सुमारास हैदराबादेत डॉ. गोपालन व त्यांचे सहकारी श्रीकांतिया ह्यांना दख्खनच्या पठारावर हाच रोग सापडला, तो मका न खाणाऱ्या, ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांत. ज्वारी वाईट असती तर आपले अर्धे महाराष्ट्र कधीच संपले असते. ज्याच्या भाकरीबरोबर डाळ, भाजी, दूध काहीच येत नाही, त्याला ती भाकरी पुरी पडत नाही. दोष तव्याचा नव्हे, दाण्याचाही नव्हे.

आता घरी येतो. १९७२ च्या दुष्काळात मी दीड वर्षांचा होतो. आई येवल्याकडच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती आणि मी दगडाच्या ढिगाआड लुगड्याच्या झोळीत होतो. त्या वेळी १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. कामावर सुकडी वाटीत, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळे. मिलो ही ज्वारीचीच जात, तिकडे मुख्यतः गुरांसाठी पिकवलेली. अमेरिकेचा शिल्लक धान्य परदेशी देण्याचा कायदा १९५४ चा, आणि आपला त्यावरचा पहिला करार १९५६ चा. त्याच वाटेने आधी गहू आला होता. आई सांगे, मिलोची भाकरी तव्यावर लाल दिसे आणि गार झाली की दातांना चामड्यासारखी लागे. ती खाऊन आम्ही जगलो, म्हणून मी तिला नावे ठेवीत नाही. पण पुढे पाऊस झाल्यावर आईने मिलोचा उरलेला डबा कोंबड्यांपुढे उपडा केला, आणि त्यानंतर आमच्या घरात कोणी त्या भाकरीचे नाव काढले नाही. भुकेच्या वर्षातले धान्य माणूस लवकर विसरू पाहतो.

त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढले. मला त्या मोर्च्यांविषयी फार आदर आहे. तरी मनात येते, लाटणे हे पोळीच्या घरचे हत्यार. माझ्या आईच्या घरी लाटणे नव्हतेच. तिला मोर्च्यात यायचे असते तर तवा घेऊन यावे लागले असते, आणि तो संध्याकाळच्या आत परत आणावा लागला असता.

पोळी आणि भाकरी यांतला हा भेद मी कारखान्यात रोज पाहिला. पण तो पाहण्यासाठीसुद्धा आधी जेवायला वेळ मिळावा लागतो. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून ज्या मागण्या केल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्धा तास विश्रांतीची मागणी होती. १८९१ च्या कायद्याने ती मान्य झाली. म्हणजे आपल्या डब्यातली भाकरी बसून खाण्याचा हक्क कामगाराने भांडून मिळवला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेंहून अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह ठेवणे भाग पाडले. आमच्या ओतशाळेत एकशेऐंशी माणसे, म्हणून डबे. त्या डब्यांत नव्वद सालानंतर पोळ्या वाढत गेल्या, त्या रेशनच्या गव्हामुळे आणि थोड्या लाजेमुळेही. पेठ-सुरगाण्याकडच्या पोरांना मी नागलीची काळी भाकरी डब्याच्या झाकणाआड धरून खाताना पाहिले आहे. आमचा पावरा मित्र मात्र उघडपणे खाई. पिवळी, जाड भाकरी, वर लसणाची चटणी, आणि हंगाम असेल तर अंबाडीची भाजी.

आजची गंमत पाहा. नाशिक जिल्ह्यात मालेगाव, येवला, चांदवड, सटाणा ह्या पट्ट्यात बाजरीच्या जागी मका शिरला आहे आणि लासलगाव-येवल्याच्या बाजारात त्याचे ढीग लागतात. २०१८ मध्ये लष्करी अळी आली तेव्हा ह्या भागातला शेतकरी हवालदिल झाला होता, इतका त्याचा मक्यावर भरवसा. पण हा मका माणसाच्या तव्यावर जात नाही. तो कोंबड्यांच्या खाद्यात जातो, स्टार्चच्या कारखान्यात जातो, आणि २०२३ नंतर इथेनॉलसाठीही त्याला जोराची मागणी आली आहे. त्यात वाईट काही नाही. शेतकऱ्याला भाव मिळावा. मात्र महामार्गावरच्या हॉटेलात आता चुलीवरच्या भाकरीची पाटी लागते, आणि बिडाचे तवे शहरातल्या दुकानांत खोक्यात बांधून महाग विकले जातात. आमच्या आरोपीने जो तवा केला होता तो आज तिथे असता, तर त्याला चांगली किंमत आली असती. चौकशीत कंपनीने त्याची किंमत भंगाराच्या दराने लावली होती: वीस रुपयांच्या आत.

वीस रुपयांसाठी माणूस अकरा महिने घरी बसला. निर्वाहभत्त्यावर घर चालेना, तेव्हा बायको बांधकामावर गेली. शेवटी टेबलावर तडजोड झाली: सेवा अखंड धरावी, मागच्या पगारावर हक्क सोडावा, आणि कामगाराने खेदाचे पत्र द्यावे. पत्र मी लिहिले. त्यात 'चोरी' हा शब्द येऊ दिला नाही, एवढेच मला साधले. तवा मात्र मुद्देमाल म्हणून कचेरीतल्या कपाटात राहिला.

रुजू झाल्याच्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. त्याची बायको भाकरी थापत होती. जुन्याच पातळ तव्याखाली तिने विटेचा एक तुकडा सारून ताव तिरका केला होता. नोकरीचे ऐकून ती काही बोलली नाही. मग विचारले, "आणि तवा?" मी म्हटले, "साहेबांच्या कपाटात आहे, ठेवणार आहेत." तिने भाकरी उलटली.

"तेल लावून ठेवला का?" ती म्हणाली. "नाहीतर गंजेल."